खळ पातळ का झाली

पेणजवळच्या जोह्यातल्या सुजयशेठच्या गणपती कारखान्यात हैबतराव सगळ्यात जुना माणूस. नाव हैबतराव, पण ते ऐकून धडकी भरावी असं त्यांच्यात काही नव्हतं. अंगाने काडी, आवाज बारीक, आणि चालणं असं की माणूस मागून येऊन उभा राहिला तरी कळू नये. एका बाबतीत मात्र त्यांचा खरोखरच दरारा होता. मूर्तीचं पावित्र्य. चपला बाहेर, तंबाखूची पुडी बाहेर, आणि मूर्तीजवळ बसून कोणी वडापावचा कागद उघडलाच तर हैबतदादा जागचे उठून त्याला दारापर्यंत पोचवून यायचे. "उद्या पूजा व्हायची हाय त्याची," ते म्हणायचे, "आन् तू उष्टा हात लावतोस?" कारखान्यातली माणसं पाठीमागे त्यांना भटजी म्हणत. घरची भातशेती, चार पिढ्या चिखलात गेलेल्या, आणि हे भटजी! हैबतरावांना ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, मनातून आवडतही होतं.

आता प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी येणार, नाही येणार, आली, पुढे गेली, असं दरवर्षी चाललेलं असतं. या गोंधळाला कंटाळून सुजयशेठने यंदा दिवाळीनंतर कागदी मूर्तींचा विभाग काढला. साच्यात पातळ कागदाचे तुकडे थरावर थर चिकटवायचे, वाळले की साचा सोडवायचा, की आतून हलकाफुल्ल गणपती निघतो. चिकटवायला मैद्याची खळ. विभागाचे मुख्य अर्थात हैबतराव. त्यांच्या हाताखाली दोघं. गावातलीच अनिता, जिचं तोंड हातापेक्षा जास्त चालायचं, आणि रितेश, जो सगळं काम मोबाइलवर बघून शिकला होता आणि म्हणून बोट ओलं करायला शेजारी पाण्याची वाटी ठेवायचा.

हे बोट ओलं करायचं प्रकरण नीट सांगायला हवं. पातळ कागद एकमेकांना धरून बसतात, ते सुटे करायला बोटाला ओल लागते. रितेशची वाटी होती. अनिता मधूनच बोट जिभेला लावायची. हैबतरावांचं बोट मात्र दर कागदाला आपसूक जिभेवर जाई, कागद सुटे, तो साच्यात बसे, आणि तेच बोट खळीच्या वाडग्यात बुडे. त्यांना कोणी विचारलं असतं, दादा, बोट तोंडात घालता का, तर त्यांनी गळ्याची शपथ घेऊन नाही म्हटलं असतं. आणि ते खोटं बोलताहेत असं त्यांचं त्यांनाही वाटलं नसतं. लहानपणापासूनची सवय. डोळ्यांची उघडझाप कोण मोजतो?

खळ शिजवायला सगुणा होती. धरमतर खाडीकडच्या गावातली, पूर्वी मिठागरावर राबलेली बाई. पहिल्या एसटीने पेणला यायची, तिथून जोह्याला, आणि बाकीचे पोचायच्या आत मोठ्या टोपात खळ तयार असायची. गुठळी म्हणून सापडायची नाही. प्रत्येकजण आपापल्या वाडग्यात हवी तेवढी घेई; हैबतराव थोडी थोडी, पण वरचेवर घेत. जेवायच्या सुट्टीत वाडग्यातल्या खळीवर साय धरते, म्हणून हैबतरावांनीच नियम घालून दिला होता की उरलेली खळ परत टोपात ओतायची आणि झाकण ठेवायचं. काटकसर आणि नीटनेटकेपणा हे त्यांचे दोन लाडके शब्द.

आणि रोज दुपारी झाकण उघडलं की टोपात खळ नसे, पांढरं पाणी असे.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, कच्ची राहिली असेल. सगुणाने जास्त शिजवली. मग तिने मैदा वाढवला. सकाळी खळ अशी घट्ट असायची की चमचा उभा राहावा, आणि दुपारी तीच खळ हातातून ओघळून जायची. त्या पाण्याने चिकटवलेले थर वाळल्यावर सुटायला लागले. आधी कानामागून, मग पाठीवरून. पनवेलच्या व्यापाऱ्याची पहिली ऑर्डर उन्हात ठेवली होती, तिच्यातले कितीतरी गणपती पाठीकडून उकलले. सुजयशेठ डोक्याला हात लावून बसला आणि मग त्याने वर बघून विचारलं, "हैबतदादा, विभाग तुमचा. हे काय चाललंय?"

इतक्या वर्षांत हैबतरावांना असं कोणी विचारलं नव्हतं, तेही सगळ्यांदेखत. "सकाळी घट्ट असते शेठ," ते म्हणाले, "दुपारी पातळ. मधी पाणी कोण घालणार? टोप जिच्या ताब्यात हाय तीच." बोलून झाल्यावर त्यांना ते आणखी पटलं. मैदाही लवकर संपत होता. म्हणजे बाई मैदा घरी नेते आणि टोपात पाणी घालून माप भरून काढते. सगळं कसं जागच्या जागी बसलं.

सगुणा म्हणाली, "दादा, मी पानी नाय टाकला. देवाशपथ नाय टाकला."

"मग पिशवी दाखव गो," हैबतराव म्हणाले. आणि तिने दाखवायची वाट न बघता खुंटीवरची तिची पिशवी काढून बाकावर उलटी केली. डबा, पदराची पिन, एसटीचा पास, आणि पिठाची पुडी.

हैबतरावांनी पुडी उघडून चिमूटभर पीठ बोटांत घेतलं आणि चोळलं. मैदा मऊ असतो, बोटांना चिकटून बसतो. हे पीठ कणीदार होतं, बोटांतून सरसर सुटत होतं. तांदळाचं पीठ. जन्म भातात गेलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही, डोळे बांधले तरी कळतं. त्यांना कळलं.

"तांदलाचा हाय त्यो," सगुणा म्हणाली. "पेनला चक्कीवरून घेतला, भाकरीला. दादा, तुमी हातात घेतलाव ना? तुमीच सांगा शेठना."

सगळे हैबतरावांकडे बघत होते. तोंडातून एवढंच यायला हवं होतं, की हो, तांदळाचं आहे. पण मग खळीचं काय? मग ती पातळ कोणी केली? मग पुन्हा तोच प्रश्न, हैबतदादा, विभाग तुमचा. त्यांनी पुडी बाकावर ठेवली आणि हात झटकले.

"पीठ ते पीठ," ते म्हणाले.

सगुणा त्याच दुपारी गेली. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात तिला कोणी घेतलं नाही, कारण जोहे आणि शेजारचं हमरापूर मिळून गोष्ट फिरायला चहाच्या एका फेरीएवढाच वेळ लागतो. आता खरी लाजेची गोष्ट पुढे आहे. ती गेल्यावर अनिता खळ शिजवू लागली आणि खळ दुपारी पातळ व्हायची ती होतच राहिली. शेठ म्हणाला मैदाच खराब येतोय, आणि त्याने मैदा बंद करून बाजारातून पांढऱ्या गमचे डबे आणले. त्या दिवसापासून थर सुटायचे थांबले. कोणी म्हणालं नाही की अरे, मग सगुणाने केलं काय होतं? हैबतरावांच्या मनात ते एकदा आलं. त्यांनी ते माशी हाकलावी तसं हाकललं, आणि माशी जशी पुन्हा येते तसं ते पुन्हा येत राहिलं.

हैबतरावांची मुलगी सुरभी रोह्याला कॉलेजात होती, आत्याकडे राहून विज्ञान शिकत होती. उन्हाळ्याच्या तोंडाला तिचा फोन आला. "बाबा, रविवारी या. आमच्या वैशाली मॅडमना भात खाणाऱ्या गावांतली मोठी माणसं हवीयत. थुंकी द्यायचीय."

"थुंकी?" हैबतराव हसले. "त्याला रोह्याला कशाला बोलावतेस? हितून पिचकारी मारतो."

"या हो बाबा, मजा येईल."

लेकीने बोलावलं म्हणजे काय. इस्त्रीचा शर्ट घालून हैबतराव पेणहून गाडीत बसले. कॉलेजची प्रयोगशाळा त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. लांब टेबलं, काचेच्या नळ्या, आणि रविवार असूनही उत्साहाने फुललेली मुलं. आजूबाजूच्या गावांतले दहा-बारा जण आले होते. प्रत्येकाने चूळ भरून एका बाटलीत लाळ द्यायची. मग गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली गेली. हैबतरावांना लाज वाटत होती, पण ती नव्या नवरदेवाची असते तसली, गोड.

वैशाली मॅडम समजावून सांगणाऱ्या बाई होत्या. त्यांनी तांदळाची घट्ट पेज नळ्यांमध्ये ओतली आणि प्रत्येक नळीत आयोडीनचा थेंब टाकला. सगळ्या नळ्या शाईसारख्या निळ्याशार झाल्या. "हा निळा रंग म्हणजे पिठूळपणा," त्या म्हणाल्या. "आता प्रत्येकाची लाळ आपापल्या नळीत घालते. लाळेत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं. ते पिठूळ पदार्थ तोडून त्याची साखर करतं. भाताचा घास खूप वेळ चावला की गोड लागतो ना? तो त्याच्यामुळे. ज्याची नळी लवकर स्वच्छ होईल, त्याच्या लाळेत ते जास्त."

थोड्याच वेळात एका नळीचा निळा रंग फिका झाला, मग तांबूस, मग पार उडाला. बाकीच्या नळ्या अजून दौतीसारख्या होत्या. "ही कोणाची?" मॅडमनी चिठ्ठी वाचली. "हैबतराव! सुरभी, तुझे बाबा?"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी शिट्टीही मारली. मॅडमनी नळी तिरकी केली, तर मघाशी जिच्यातून थेंब पडत नव्हता ती पेज पाण्यासारखी वाहिली. शेजारी हमरापूरचे एक आजोबा बसले होते, त्यांची नळी मात्र होती तशीच निळी आणि घट्ट.

"हे असं कसं?" आजोबांनी विचारलं. "मी काय भात कमी खाल्ला यांच्यापेक्षा?"

"तसं नाही आजोबा," मॅडम म्हणाल्या. "हे एन्झाइम बनवायची कृती आपल्या जनुकात लिहिलेली असते. बहुतेक कृती आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोनच. पण या कृतीच्या काहींकडे दोन-तीन प्रती असतात, काहींकडे दहा, काहींकडे त्याहूनही जास्त. प्रती जास्त, तर साधारणपणे एन्झाइम जास्त. साधारणपणे म्हणते हं, कारण खाणं, मनावरचा ताण, यांनीही फरक पडतो. पिढ्यान्पिढ्या पिठूळ अन्नावर जगलेल्या लोकांत या प्रती जास्त सापडतात असं काही अभ्यासांत दिसलंय. पण एकाच गावात, एकाच घरातसुद्धा माणसामाणसांत फरक असतो. ते कापसाच्या काड्यांवरून कळेल, पुण्याला पाठवतोय. ह्यात कोणाचा दोष नाही आणि कोणाची कमाईही नाही."

"बाबांना पेपरची पानं उलटायला बोट चाटायची सवय आहे," सुरभी कौतुकाने सगळ्यांना सांगत होती. "आई म्हणते, यांनी वाचलेला पेपर वाळत घालावा लागतो."

सगळे हसले. हैबतरावही हसायला गेले आणि हसू मध्येच राहिलं. त्यांचा उजवा हात मांडीवर होता. त्याच्या पहिल्या बोटाकडे ते असे बघत राहिले की जणू ते कोणा परक्याचं होतं.

"मॅडम," त्यांनी हळूच विचारलं, "मैद्याची खळ असली तर? मोठा टोप भरून? आन् त्यात कुणाचं बोट... म्हंजे थोडीशीच थुंकी, चुकून..."

"मैदा काय आणि तांदूळ काय. खळ कोमट असेल तर वाट लागेल टोपाची," मॅडम म्हणाल्या. "एन्झाइम एकदा तोडून संपत नाही ना. ते तोडतच राहतं. तुमच्यासारख्यांचं तर थोडंही पुरे." आणि त्या हसून पुढच्या नळीकडे वळल्या.

सुरभीने बापाचा त्या स्वच्छ नळीबरोबर फोटो काढला. त्या फोटोत हैबतरावांचा चेहरा असा आहे की पोलिसांनी काढलेला वाटावा.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले. रोहे सुटलं, निडी गेलं, आणि त्यांना लाज वाटत होती ती देवाची. इतके दिवस गणपतीच्या अंगाला आपली थुंकी लावली. दुसऱ्यांना दारापर्यंत हाकलत नेलं आणि स्वतः प्रत्येक थरात उष्टं भरलं. कान तापले होते. समोर बसलेल्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का हो काका? नागोठणं गेलं. आणि मग, नागोठण्यानंतर, त्यांना सगुणा आठवली. आपल्याला आधी देव आठवला आणि बाई नंतर आठवली, याचीही त्यांना लाज वाटली. ही लाज सगळ्यात वाईट होती. कारण देवाला काय झालं होतं? काही नाही. उकललेल्या मूर्तींचा लगदा करून परत मूर्ती झाल्या होत्या. सगुणाचा लगदा करून परत सगुणा होणार नव्हती.

कासूला येईपर्यंत त्यांनी स्वतःला समजावलं की आपल्याला कुठे ठाऊक होतं. थुंकीत काय असतं हे कोणाला ठाऊक असतं? हे खरंच होतं आणि त्याने बरंही वाटलं. पण लगेच बोटांना ते कणीदार पीठ आठवलं. ते तर ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुजयशेठला एकट्याला गाठून सगळं सांगितलं. म्हणजे थुंकीचं सगळं सांगितलं. पिठाचं जिभेवर आलं आणि परत गेलं.

सुजयशेठ आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. "दादा, हे कुणाला बोललात?"

"नाय."

"बोलू नका. थुंकीने चिकटवलेला गणपती, असं एकाने जरी फोनवर टाकलं ना, तर आपल्या कारखान्याला टाळं. सगुणाचं म्हणता, तर बोलवा तिला परत. सांगा, शेठने माफ केलं. झालं गेलं विसरून कामाला ये. काय?"

आणि हैबतराव म्हणाले, "व्हय, बरं होईल." इतक्या सहज म्हणाले, की बाहेर आल्यावर त्यांना स्वतःच्या तोंडाची किळस आली. माफ केलं म्हणे. तरी ते गेले. कारण सोपं काम समोर आलं की अवघड काम टाळायला माणसाला पाय फुटतात.

सगुणाचं घर खाडीच्या बांधाजवळ होतं. ती दारात जाळ्यावर सुकट पसरत होती. हैबतरावांना बघून तिने पदर डोक्यावर घेतला आणि पाणी आणून दिलं. बसा म्हणाली नाही, पण हातातलं काम ठेवलं. तिच्या दाराशी आलेल्याला पाणी द्यायचं, मग तो कोणी असो, एवढी रीत तिने सोडली नव्हती.

"शेठ म्हणतात," ते म्हणाले, "झालं गेलं विसरून जा. त्यांनी माफ केलंय. कामाला ये."

"माफ?" सगुणा म्हणाली. "कशाला माफ? मी काय केला?"

हैबतरावांनी पाण्याचा पेला उंबऱ्यावर ठेवला.

"दादा, मिठागरावर परत जाते मी. मिठानं पाय फुटलं माजं. तिथं पन ज्यांना ठाव हाय ती बोलतात, पीठचोर आली. माजी पोरगी भूमिका, तिला शालंत पोरी बोलल्या, तुज्या आयशीचा डबा बघून घे, पीठ हाय का." तिचा आवाज चढला नाही. "मना माफी नको. तुमी तं पीठ चोलून बघितला. तुमाला कलला. माजी पिशवी जिथं उलटी केलीत, तिथंच सगल्यांम्होरं सांगा, का तांदलाचा होता. मंग काम द्या, नायतर नका देव."

हैबतरावांना मान वर करवेना. "सोमवारी ये," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "सांगतो."

त्या सोमवारच्या आधी सुरभीचा फोन आला. काड्यांचा निकाल आला होता. "बाबा, तुमच्याकडे चौदा प्रती! मॅडम म्हणतात सगळ्या गटात जास्त. आणि मी पण काडी दिली होती, माझ्या नऊ. म्हणजे तुमच्याकडूनच आल्या ना बऱ्याच!" ती आनंदाने ओरडत होती. बापाकडून काही मिळालं याचा तिला एवढा आनंद, आणि बाप फोन कानाला लावून अंगणात उभा, मनात एवढंच, की हिला आपल्याबद्दल अजून काय काय कळायचं आहे.

सोमवारी हैबतराव लवकर आले आणि त्यांनी स्वतः खळ शिजवली. गुठळ्या झाल्या. अनिता आली, टोपात डोकावली आणि म्हणाली, "दादा, ही खळ हाय का भज्यांचं पीठ? आन् गम असताना ही कशाला?"

"बस," हैबतराव म्हणाले. "सगळ्यांना बोलाव."

रंगकाम करणारे, साचेवाले, सगळे गोळा झाले. सगुणा दाराशी उभी होती, आत आली नव्हती. हैबतरावांनी दोन वाडग्यांत कोमट खळ काढली, एक वाडगं स्वतःपुढे ठेवलं आणि दुसरं अनितापुढे. "अनिता, तू पण बस. रोजच्यासारखं काम करायचं. बोट ओलं करायचं ते जिभेनंच."

"अगो बाई, मी कुठं चाटते?" अनिता म्हणाली. सगळे हसले. "बरं, चाटते कधी कधी," ती म्हणाली. "तुमी पण की!"

"मी पण," हैबतराव म्हणाले. "मी तर लईच."

मग दोघांनी कागद लावले. हैबतरावांचं बोट जिभेवर, कागदावर, वाडग्यात. आता स्वतःला दिसत असल्यामुळे प्रत्येक वेळी त्यांच्या अंगावर काटा येत होता, पण त्यांनी थांबवलं नाही. बघणारे कुजबुजत होते. अर्ध्या तासाने त्यांनी दोन्ही वाडगी उचलून तिरकी केली. अनिताच्या वाडग्यातली खळ जागची हलली नाही. त्यांच्या वाडग्यातली पाण्यासारखी जमिनीवर सांडली.

"सगुणानं पाणी नाय घातलं," हैबतराव म्हणाले. त्यांचा बारीक आवाज चिरकला. "ही माझी थुंकी. माझ्या थुंकीत जन्मापासून काय तरी जास्त हाय, माझ्या लेकीच्या कॉलेजात तपासलंय. जेवायच्या टायमाला उरलेली खळ मी टोपात ओतायचो, तुमची पण ओतायला लावायचो, आन् सगळा टोप नासायचा. तुमाला उष्टं उष्टं म्हणून हाकललं मी, आन् उष्टं माझंच होतं."

मग रितेश म्हणाला, "भटजींचीच थुंकी!" आणि हशा उठला. तो वाईट हशा नव्हता. कोणी त्यांच्या पाठीवर थाप मारली. सुजयशेठ गलका ऐकून आला, त्याने जमिनीवरचं पाणी बघितलं, समजायचं ते समजला, आणि रागावण्यात आता अर्थ नाही हे बघून त्यानेही हसण्यावारी नेलं. "बरं, दादांचा तरी काय दोष? अंगातच आहे म्हटल्यावर करणार काय? पण हे बाहेर सांगायचं नाय हां कुणी. सगुणा, चल, आत ये, कामाला लाग."

हैबतरावांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी डोळे पुसले. झालं. सांगून झालं. अंगातच आहे, करणार काय.

सगुणा आत आली. सांडलेल्या खळीच्या कडेने चालत ती बाकापाशी थांबली, जिथे तिची पिशवी उलटी केली होती तिथे.

"दादा," ती म्हणाली, "थुंकीचा तुमाला ठाव नव्हता. त्यो मी धरत नाय. पिठाचा सांगा."

हशा विरला. सुजयशेठ म्हणाला, "आता पिठाचं काय?" पण सगुणा त्याच्याकडे बघत नव्हती.

हैबतरावांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. मघाशी ज्यांनी पाठीवर थाप मारली होती ते हसरे चेहरे अजून त्यांच्याकडेच होते, आणि ते त्यांना फार फार हवे होते.

"तांदळाचं होतं," ते म्हणाले. "चिमटीत घेतलं तवाच मला कळलं होतं. कळून मी पीठ ते पीठ म्हणालो. माझ्यावर येऊ नये म्हणून."

या वेळी कोणी हसलं नाही. अनिताने हातातला कागद खाली ठेवला. रितेश दुसरीकडे बघू लागला.

"बस," सगुणा म्हणाली. "थुंकी आयबापाकडनं आली असंल दादा. ह्यो तुमचा सोताचा."

ती वळून बाहेर गेली. शेठने मागून हाक मारली, काम आहे म्हणून, पण ती थांबली नाही. अनिता उठली आणि चपला पायात सरकवत तिला एसटीपर्यंत पोचवायला गेली. बाकीचे एकेक करून आपापल्या कामाला लागले. हैबतरावांनी फडकं आणलं आणि गुडघ्यावर बसून जमीन पुसायला घेतली. कोणी त्यांना राहू द्या दादा म्हणालं नाही.